जैवसंवेदन व रोगनिदानातील पेटंटे

जैवसंवेदन व रोगनिदानातील पेटंटे : सजीवातील किंवा सजीवाकडून घेतलेल्या नमुन्यातील एखादा रेणू अथवा शारीरिक क्रिया ओळखून तिचे मोजता येण्याजोग्या संकेतात रूपांतर करणारी साधने आणि पद्धती यांना मिळालेली एकस्वे, म्हणजे इतरांना त्यांच्या वापरापासून ठरावीक काळ रोखण्याचे कायदेशीर हक्क. घरगुती ग्लुकोजमापक, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, गर्भधारणा चाचणी आणि पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून ते ओळखण्याची तपासणी) ही यातली सर्वांच्या ओळखीची उदाहरणे. पेटंटाची मुदत बहुतेक देशांत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. त्या बदल्यात संशोधकाला आपली कृती इतक्या तपशिलाने उघड करावी लागते, की त्या विषयातल्या जाणकाराला ती स्वतः करून पाहता यावी.

इतर यंत्रांच्या पेटंटांपेक्षा इथे एक पेच अधिक असतो. रक्तातली साखर, हिमोग्लोबिनचा रंग किंवा गर्भारपणातले संप्रेरक कोणी निर्माण केलेले नसते. ते निसर्गात असतेच. संशोधकाची कामगिरी असते ती नैसर्गिक घटना आणि पडद्यावर उमटणारा आकडा यांच्या मधल्या टप्प्यात, आणि हा टप्पा नेमका कुठे सुरू होतो यावरच या क्षेत्रातले अनेक मोठे खटले लढले गेले आहेत.

जैवसंवेदकाचा आरंभ अमेरिकी शरीरक्रियावैज्ञानिक लेलंड क्लार्क यांच्या कामात मानला जातो. त्यांनी १९५६ मध्ये पातळ पटलाने झाकलेल्या, ऑक्सिजनचे प्रमाण विद्युत प्रवाहावरून मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये चॅम्प लायन्स यांच्यासह त्यांनी त्याच इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर देण्याची कल्पना मांडली. हे एन्झाइम ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करताना ऑक्सिजन खर्च करते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. यांपैकी काहीही मोजले तरी साखरेचे प्रमाण कळते. मात्र रक्तातले इतर पदार्थही इलेक्ट्रोडवर विद्युत प्रवाह निर्माण करतात आणि मापन बिघडवतात. १९७० मध्ये क्लार्क यांना मिळालेल्या अमेरिकी पेटंटाचा गाभा इथे आहे : दुसऱ्या इलेक्ट्रोडने हा उपद्रवी प्रवाह वेगळा मोजायचा आणि वजा करायचा. १९६२ ची कल्पना अधिक प्रसिद्ध असली, तरी प्रत्यक्ष रक्तावर भरवशाचे मापन करू पाहणाऱ्याला या वजाबाकीचे मोल अधिक वाटेल. १९७५ मध्ये यलो स्प्रिंग्ज इन्स्ट्रुमेंट कंपनीने या तत्त्वावरचा ग्लुकोज विश्लेषक बाजारात आणला. तो प्रयोगशाळेत वापरायचा होता. रुग्णाच्या खिशात मावेल असे विद्युतरासायनिक साधन यायला फेरोसीन या संयुगाची मदत लागली. ऑक्सिजनऐवजी फेरोसीनकरवी इलेक्ट्रॉन वाहून नेले, तर रक्तातल्या ऑक्सिजनच्या चढउतारावर मापन फारसे अवलंबून राहत नाही. क्रॅनफील्ड व ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी १९८४ मध्ये हे दाखवले आणि १९८७ मध्ये त्यावर आधारलेला, पेनाच्या आकाराचा एक्झॅकटेक मापक आला.

पल्स ऑक्सिमीटरची कथा अर्जाची तारीख आणि देश यांचे महत्त्व सांगणारी आहे. जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते ते रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजण्याच्या खटपटीत होते. कानाच्या पाळीतून जाणाऱ्या प्रकाशात नाडीच्या ठोक्यांमुळे सतत चढउतार होत आणि मापनात अडथळा येई. तो अडथळा घालवताना त्यांच्या लक्षात आले की ठोक्याबरोबर बदलणारा भाग हा फक्त धमनीतल्या रक्ताचा असतो. त्वचा, हाड आणि शिरांतले रक्त यांनी शोषलेला प्रकाश जवळजवळ स्थिर राहतो. तांबड्या व अवरक्त अशा दोन तरंगलांबींवरच्या बदलांचे गुणोत्तर घेतले, की सुई न टोचता धमनीतल्या ऑक्सिजनची संपृक्तता काढता येते. ज्याला गोंगाट म्हणून वजा करायचे होते, तोच संकेत ठरला. हा विचार आजही वाचताना थक्क करतो. कंपनीने २९ मार्च १९७४ रोजी जपानमध्ये अर्ज केला. महिनाही उलटला नाही तोच, २४ एप्रिलला, मिनोल्टा कंपनीने त्याच तत्त्वावर अर्ज दाखल केला. जपानमध्ये हक्क निहोन कोहडेनला मिळाला. पण तिने परदेशात अर्ज केलेला नसल्याने अमेरिकेतले पेटंट मिनोल्टाकडे गेले. याच मापनाच्या पुढच्या सुधारणांवरचे वाद अजून मिटलेले नाहीत. मासिमो कंपनीच्या पेटंटांचा भंग झाल्याचा निर्णय अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आणि अॅपलला तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या घड्याळांतली रक्त-ऑक्सिजन सुविधा काही काळ बंद करावी लागली.

पेटंटावर नाव असणे आणि लाभ हाती येणे यांत अंतर असते. ऑर्गनॉन कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या आरेखक स्त्रीने १९६७ मध्ये, प्रयोगशाळेतली गर्भधारणा चाचणी घरी करता येईल अशी आरसा व परीक्षानळी असलेली साधी पेटी घडवली. १९७१ मध्ये पेटंट तिच्या नावे निघाले. हक्क मात्र एका डॉलरच्या मोबदल्यात कंपनीकडे गेले. उलट बाजूचे उदाहरण मोनोक्लोनल अँटिबॉडीचे, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या, एकसारख्या प्रतिपिंडांचे. केंब्रिजमध्ये गेऑर्ग्स कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये जाहीर केलेल्या मूळ तंत्राचे पेटंट घेतलेच गेले नाही. त्या दोघांना नील्स येर्न यांच्यासह १९८४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण अशा दोन अँटिबॉडींच्या मध्ये रेणू पकडून तो मोजण्याच्या चाचणीचे पेटंट हायब्रिटेक कंपनीने मिळवले आणि १९८६ मध्ये अमेरिकी न्यायालयात ते टिकले.

काय पेटंटयोग्य आहे याबाबत देशोदेशींचे कायदे भिन्न आहेत. युरोपीय पेटंट करारात मानवी वा प्राणी शरीरावर प्रत्यक्ष केलेल्या निदानपद्धती वगळल्या आहेत. त्यासाठी लागणारी उपकरणे व रसायने मात्र संरक्षण मिळवू शकतात. अमेरिकेत अशी थेट वगळणूक नाही, तरी निसर्गनियमाला पेटंट नाही हे तत्त्व तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कठोरपणे लावले. २०१२ च्या मेयो खटल्यात, रक्तातल्या चयापचयजन्य पदार्थाच्या पातळीवरून औषधाची मात्रा ठरवण्याची पद्धत या कसोटीवर उतरली नाही. २०१३ मध्ये मिरियड कंपनीचे स्तनकर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांवरचे दावे (पेटंटात सांगितलेले हक्क) तपासताना, शरीरातून वेगळे काढलेले नैसर्गिक डीएनए पेटंटयोग्य नाही, प्रयोगशाळेत आरएनएवरून तयार केलेला पूरक डीएनए मात्र आहे, असे न्यायालयाने ठरवले.

या तत्त्वाचा सर्वांत जड फटका गर्भाच्या डीएनए चाचणीला बसला. आईच्या रक्तद्रवात गर्भाचे डीएनए मोकळे फिरत असते, हे वैद्यक संशोधक डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. गर्भाशयात सुई न घालता गुणसूत्रदोषाची चाचणी शक्य झाली ती त्यामुळे. तरीही त्यावरचे अमेरिकी पेटंट २०१५ मध्ये अपील न्यायालयाने अवैध ठरवले : शोध मोलाचा असला तरी तो निसर्गातल्या गोष्टीचा आहे आणि ती ओळखायची तंत्रे आधीपासून रूढ आहेत. २०२० मध्ये त्याच न्यायालयाने याच विषयातली दुसरी पेटंटे उचलून धरली. त्यांत गर्भाचे तुकडे आईच्या तुकड्यांपेक्षा आखूड असतात या माहितीवर हक्क सांगितला नव्हता, तर लांबीनुसार तुकडे निवडून नमुना तयार करण्याच्या कृतीवर सांगितला होता. दाव्यांच्या मसुद्यातला हा फरक वरवर बारीक दिसतो, पण या क्षेत्रात सगळे त्यावरच उभे राहते किंवा कोसळते.

पेटंट म्हणजे साधन अचूक चालते याचे प्रमाणपत्र नव्हे. पेटंट कार्यालयातले परीक्षक नावीन्य, कल्पकता आणि वर्णनाची पूर्तता पाहतात. रुग्णांवर चाचणी घेत नाहीत. थेरानोस कंपनीकडे रक्ततपासणीची अनेक पेटंटे होती, तरी थोड्याशा थेंबांत असंख्य तपासण्या करण्याचा तिचा दावा खोटा निघाला आणि संस्थापिकेला २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आले. प्रामाणिक साधनांतही दोष उशिरा उघड होतात. काळ्या त्वचेच्या रुग्णांत पल्स ऑक्सिमीटरकडून ऑक्सिजनची धोकादायक घट नजरेतून सुटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचे अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२० मध्ये दिसले, म्हणजे मूळ अर्जानंतर ४६ वर्षांनी. अशी साधने वेगवेगळ्या वर्णांच्या अधिक व्यक्तींवर तपासून घ्यावीत, असा मसुदा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.