पाण्याखाली थांबून राहणारा भात

भात हे पाण्यातलं पीक, त्यामुळे त्याला पाणी कितीही झालं तरी चालतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. पण खाचरात चार बोटं पाणी साठणं वेगळं आणि रोपाच्या शेंड्यावरून पाणी जाणं वेगळं. ओडिशा, बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, आसाम या पट्ट्यात लावणी होते न होते तोच नदी शेतात शिरते आणि आठ-दहा दिवस हलत नाही. पाणी ओसरल्यावर चिखलात रोपांचा कुजका लगदा तेवढा उरतो. पुन्हा तरवा (लावणीसाठीची रोपं) टाकावा तर मोसम निघून गेलेला असतो.

रोप मरतं ते नुसतं गुदमरून नव्हे. हवेच्या तुलनेत पाण्यातून वायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, आणि गढूळ पाण्यात उजेडही पोचत नाही, त्यामुळे अन्न तयार करणं जवळपास थांबतं. त्यात रोपाच्या आत तयार होणारं इथिलिन, म्हणजे केळी पिकताना सुटतो तोच वायू, एरवी हवेत निघून जातं, पण बुडालेल्या रोपात ते कोंडतं. इथिलिन साठलं की जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक जोर धरतं आणि रोप शेंडा पाण्याबाहेर काढण्यासाठी भराभर लांब व्हायला लागतं. पाणी कमी असेल तर हा डाव साधतो. जास्त असेल तर साठवलेली साखर आणि पिष्ट आठवड्याभरात संपतं. पाणी उतरल्यावर ती लांबलचक, पोकळ झालेली रोपं आडवी पडतात ती उठत नाहीत.

ओडिशातल्या शेतकऱ्यांकडे ‘धालपुटिया’ नावाचा एक जुना भात होता. उत्पादन बेताचं, पण बुडाला तरी जगायचा. त्याच्यातून निवड करून काढलेलं शुद्ध वाण म्हणजे ‘एफआर १३ए’. ते शेंड्यापर्यंत बुडून दोन आठवडे राहिलं तरी पाणी उतरल्यावर बुडख्यातून नवी पानं काढतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९७०च्या दशकात हजारो वाणं पाण्यात बुडवून तपासली गेली, तेव्हा हे वाण सर्वांत टिकाऊ वाणांमध्ये निघालं.

मग संकर सुरू झाले. भाताच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्रच असतात आणि फूल उघडता उघडता स्वतःचंच परागण उरकतं. म्हणून पैदासकाराला आदल्या संध्याकाळीच बसावं लागतं. प्रत्येक कोवळ्या दाण्याचं टोक कात्रीनं छाटायचं, चिमट्यानं आतले सहाच्या सहा परागकोश उचलायचे आणि लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली की दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी आणून तिचे पराग त्यावर झटकायचे. एक परागकोश आत राहिला तरी तो दाणा संकराचा राहत नाही.

इतकं करून जे भात निघाले, ते बुडून जगले खरे, पण शेतकऱ्यांनी घेतले नाहीत. पुरात टिकण्याच्या गुणाबरोबर एफआर १३एचे बाकीचे गुणही आले: उंच वाढ, कमी उतारा, न आवडणारा तांदूळ. यात शेतकऱ्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही. पूर दर वर्षी येईलच असं नसतं, भात मात्र दर वर्षी विकायचा आणि खायचा असतो.

वाट सापडली ती जनुकाचा ठावठिकाणा लागल्यावर. भाताच्या १२ गुणसूत्रांपैकी नवव्यावर, एका लहानशा जागेत हा गुण बसलेला आहे, हे केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी १९९६ साली दाखवलं. त्या जागेला ‘सब१’ नाव मिळालं. पुढे २००६ साली मॅकिल, पामेला रोनाल्ड, जुलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं जनुकच ओळखलं: ‘सब१ए’. इथिलिन साठलं की हे जनुक जागं होतं आणि जिबरेलिनची हाक दाबून टाकतं. रोप वाढायचं थांबतं, साठा जपून वापरतं आणि पाणी उतरायची वाट बघतं.

आता हा एकच तुकडा कुठल्या भातात घालायचा? निवड झाली ‘स्वर्णा’ची. आंध्रातल्या मारुतेरू केंद्रातून आलेलं, एमटीयू ७०२९ या क्रमांकानं ओळखलं जाणारं हे वाण पूर्व भारतात आधीच घरोघरी लागत होतं. सब१ असलेल्या भाताशी स्वर्णाचा संकर करायचा, येणाऱ्या रोपाचा पुन्हा स्वर्णाशीच संकर करायचा, पुन्हा तेच. पहिल्या संकरात परका वाटा ५० टक्के, मग सरासरी २५, मग साडेबारा, मग सव्वासहा. पूर्वी यातलं कोणतं रोप ठेवायचं हे कळायला पीक वाढवून पाण्यात बुडवावं लागे. आता कोवळ्या पानाच्या तुकड्यातून डीएनए काढून सब१ आलं का आणि परका भाग किती उरला, हे लगेच कळतं. त्यामुळे तीन पिढ्यांच्या उलट-संकरात काम झालं. ‘स्वर्णा सब१’ भारतात २००९ साली प्रसारित झालं. यात बाहेरून जनुक टोचलेलं नाही. हे नेहमीच्या संकरातून आलेलं वाण आहे.

ओडिशातल्या शेतांवर घेतलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, शेत १० दिवस बुडालेलं असताना नव्या वाणानं स्वर्णापेक्षा ४५ टक्के जास्त भात दिला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पुराची, सखल जमीन अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला इतरांपेक्षा जास्त आलेली होती, त्यामुळे या वाणाचा फायदा त्यांना अधिक झाला.

पण हेच वाण सगळ्या पुरांना पुरत नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोलगट भागात पाणी महिनोन्‌महिने साचतं, तिथे थांबून राहणारा भात मरणारच. तिथला भात दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो आणि शेंडा पाण्यावर ठेवतो. त्याला तसं वाढवणारी ‘स्नॉर्केल’ जनुकं जपानी संशोधकांनी २००९ साली शोधली. इशारा तोच, कोंडलेल्या इथिलिनचा, आणि जनुकंही सब१एच्याच कुळातली. एक म्हणतं थांब, दुसरं म्हणतं वाढ.

हवामानाशी जुळवून घेणं म्हणजे बऱ्याचदा वेळ साधणं. कोकणात हळवे (लवकर तयार होणारे), निमगरवे (मध्यम मुदतीचे), गरवे (उशिरा तयार होणारे) अशी वाणं जमिनीच्या उंच-सखलपणाप्रमाणे लावतात: वरकस जमिनीत पाणी लवकर आटतं म्हणून हळवा, पाणथळीत गरवा. जुने गरवे भात दिवस लहान व्हायला लागल्यावरच निसवतात. पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी लोंबी साधारण त्याच सुमाराला येते. जपानच्या होक्काइदोत उन्हाळ्यात दिवस मोठे आणि थंडी लवकर, तिथे असं वाण दाणा भरण्याआधीच गारठेल. तिथल्या भातांमध्ये दिवसाची लांबी पाहणारी जनुकंच निकामी झालेली आहेत. १९६६ साली आलेलं बुटकं ‘आयआर ८’ही दिवसाच्या लांबीला फारसं बांधलेलं नव्हतं, म्हणून ते वर्षातल्या वेगवेगळ्या हंगामांत घेता आलं.

खार जमिनीचंही असंच. केरळचा पोक्काली आणि बंगालचा नोना बोकरा यांची मुळं वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घेतात, पानांपर्यंत कमी जाऊ देतात. रायगडच्या खार जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं ‘पनवेल १’, ‘२’, ‘३’ ही वाणं दिली, आणि गोव्यातल्या खाजनांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खार शेतांत, कोरगुट हा भात पिढ्यान्‌पिढ्या लागत आला. असे भात उतारा कमी देतात म्हणून शेतातून जातात, आणि बी एकदा संपलं की त्यातलं जनुक कुठल्याही प्रयोगशाळेला बनवून देता येत नाही. निदान एका कोपऱ्यात तरी ते लागत राहावेत असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे सध्या छळतो तो परतीचा पाऊस. कापणीला आलेला हळवा आडवा होतो, खाचरात पाणी उभं राहतं आणि लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. यावर उपाय म्हणजे दाण्याची सुप्तावस्था, कापणीनंतर काही आठवडे न रुजण्याचा गुण. ‘एसडीआर४’ हे त्यामागचं एक महत्त्वाचं जनुक २०१० साली ओळखलं गेलं, तेही भारतीय उपखंडातल्या कासलथ या जुन्या भातातून. मात्र ही सुप्तावस्था लांबली तर तेच बी लगेचच्या वायंगणाला (उन्हाळी भाताला) पेरता येत नाही, रुजतच नाही. म्हणून पैदासकाराला इथे गुण असणं-नसणं एवढंच पाहून भागत नाही. परतीच्या पावसाचे आठवडे निघतील आणि वायंगणाचा तरवा टाकायच्या आत दाणा जागा होईल, इतक्याच मुदतीची सुप्तावस्था त्याला वाणात उतरवावी लागते.