‘आधी खर्च आवरा, मग कर मागा’: दीडशे वर्षांच्या मागणीची पार्श्वभूमी

डिसेंबर 1885च्या अखेरीस मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधी जमले. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, हे पहिले अधिवेशन आपण शाळेत तारखेपुरते पाठ करतो. तिथे झालेल्या ठरावांपैकी दोन ठराव मात्र आज पुन्हा वाचण्यासारखे आहेत. रशियाच्या भीतीपोटी हिंदुस्थान सरकार लष्करावरचा खर्च वाढवायला निघाले होते. पहिल्या ठरावात सभेने सांगितले की ही वाढ अनावश्यक आहे आणि देशाच्या उत्पन्नाच्या मानाने अतोनात आहे. दुसऱ्या ठरावाचा सूर असा होता: हा पैसा काटकसरीतूनच उभा राहायला हवा. ते होणार नसेल तर आधी आयातीवरची जकात पुन्हा बसवा. त्यानेही भागले नाही तर परवाना कर आजवर त्यातून सुटलेल्या सरकारी आणि बिनसरकारी वर्गांवर बसवा, पण गरिबाला त्याची झळ लागू देऊ नका.

त्या सभेत वकील बरेच होते. व्यापाऱ्याला लागू असलेला परवाना कर वकिलाला किंवा सरकारी अधिकाऱ्याला लागत नव्हता. म्हणजे काटकसर न झाल्यास कर आमच्यावर बसवा, मीठ-भाकरीवर नको, असे त्यांनी स्वतःहून लिहून दिले. पुढच्याच वर्षी, 1886मध्ये, प्राप्तिकराचा कायदा आला आणि पगारदार व पेशेवाले त्यात आले. ‘करवाढ नको, उधळपट्टी थांबवा’ ही मागणी महाराष्ट्रात दर मार्चमध्ये ऐकू येते. तिचे मूळ इतके स्पष्ट आणि इतके प्रामाणिक होते.

अर्थात मागणीची सुरुवात 1885च्याही आधीची. 1870मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि पाठोपाठ पुण्यात आलेले न्यायमूर्ती रानडे यांनी सरकारकडे अर्ज करायची एक रीत घालून दिली. आधी गावोगाव माहिती गोळा करायची, सारा किती, पीक किती, कर्ज किती हे मांडायचे, आणि मगच मागणी करायची. दख्खनमध्ये जमिनीच्या फेरपाहणीनंतर सारा वाढला होता. 1875मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांच्या दप्तरांची होळी झाली. 1876पासून दुष्काळ पडला. दुष्काळानंतर भविष्यातल्या दुष्काळांच्या तरतुदीसाठी म्हणून 1878चा परवाना कर आला, तेव्हा सुरतेत दुकाने बंद झाली आणि दंगल उसळली. सुरतेचा उद्रेक आणि पुण्याचा अर्ज, दोन्हींमागची तक्रार एकच होती. सरकारच्या डोळ्यात मात्र अर्ज जास्त काळ सलला, असे मला वाटते, कारण त्याला आकड्यानेच उत्तर द्यावे लागे.

1886मध्ये सरकारने खर्चकपातीसाठी एक वित्त समिती नेमली आणि रानडे तिचे सदस्य झाले. टीकाकाराला आत बोलावून तिजोरीच्या किल्ल्या दाखवण्याचा हा प्रकार होता. पण समित्यांच्या काटकसरीने कराचा बोजा हलका झाला नाही. 1888मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला. मीठ गरिबालाही श्रीमंताइतकेच लागते. म्हणून पुढची पंधरा वर्षे काटकसरीचा सगळा वाद मिठाभोवती फिरत राहिला.

1895मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला लंडनमध्ये वेल्बी आयोग बसला. दादाभाई नौरोजी त्याचे सदस्य होते. एप्रिल 1897मध्ये गोपाळ कृष्ण गोखले तिथे साक्षीला उभे राहिले. वय तीसेक वर्षे. मुंबईहून दिनशा वाच्छाही साक्षीला गेले होते. गोखल्यांच्या त्या साक्षीमागे एक माणूस होता, त्याचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काका वेगळे, हे वेगळे. सरकारी शाळेत हेडमास्तर असलेल्या या गृहस्थांना सरकारी जमाखर्चाची पुस्तके तोंडपाठ असल्यासारखी होती, आणि गोखल्यांची आकडेमोड त्यांच्या मदतीने सिद्ध झाली. या सगळ्या इतिहासात मला जोशी सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ते नसते तर ‘सरकार उधळे आहे’ ही ओरड ओरडच राहिली असती.

26 मार्च 1902 रोजी गोखल्यांनी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. त्या वर्षी सरकारकडे सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती, आणि सरकार त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेत होते. गोखल्यांनी ती शिल्लकच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. देश दुष्काळाने आणि प्लेगने पिचलेला, आणि तिजोरी मात्र भरलेली! याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे. ज्याचा पैसा त्याला परत द्या, मिठावरचा कर उतरवा, आणि भरलेल्या तिजोरीने हात सैल होतो हे विसरू नका, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. मंडळातल्या बिनसरकारी सभासदांना अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार नव्हता. बोलायचे आणि खाली बसायचे. तरीही 1903मध्ये मिठावरचा कर दोन रुपये झाला, 1905मध्ये दीड, 1907मध्ये एक. प्राप्तिकराची किमान मर्यादाही 1903मध्ये पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. याचे सगळे श्रेय एका माणसाला देणे बरोबर नाही, पण त्याचा वाटा मोठा होता हे नाकारताही येत नाही.

1911 साली याच गोखल्यांनी दोन गोष्टी केल्या. जानेवारीत वाढत्या सरकारी खर्चाची चौकशी करण्याचा ठराव मांडला. आदल्या वर्षी तंबाखू, दारू, चांदी, पेट्रोलियम यांवर नवे कर बसले होते, आणि खर्च इतका का फुगला हे कोणी तरी तपासायला हवे होते. मार्चमध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक आणले, म्हणजे सरकारचा खर्च वाढवणारे विधेयक. यात विसंगती शोधणाऱ्यांना काटकसरीची ही परंपरा नीट कळलेली नाही. सरकारने कमी करावे असे त्यांना म्हणायचेच नव्हते. लष्करावर आणि विलायतेला जाणाऱ्या पेन्शनींवर जो पैसा जातो तो गावच्या शाळेत यावा, असे म्हणायचे होते. विधेयक 1912मध्ये 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले.

पहिल्या महायुद्धानंतर तूट वाढली आणि लॉर्ड इंचकेप यांच्या समितीने 1923मध्ये 19 कोटींहून अधिक कपात सुचवली. त्याच वर्षी मिठावरचा कर सव्वा रुपयावरून थेट अडीच रुपये झाला. विधिमंडळाने नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉयने विशेषाधिकार वापरला. काटकसरीची समिती आणि करवाढ एकाच वर्षी, हे दृश्य पुढे आपल्याकडे पुष्कळदा दिसणार होते. 1930च्या जानेवारीत गांधीजींनी अकरा मागण्या मांडल्या. त्यांत मीठकर रद्द करा, जमीनसारा निम्मा करा यांबरोबरच लष्करी खर्च आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार निम्म्यावर आणा, असेही होते. व्हाइसरॉयला महिना एकवीस हजारांवर पगार मिळत असे.

1937मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. मंत्र्यांनी पाचशे रुपये पगार घेतला, आणि लोकांना ते मनापासून आवडले. दोन वर्षांत मात्र याच सरकारपुढे उलटा पेच उभा राहिला. 1 ऑगस्ट 1939पासून मुंबई शहरात दारूबंदी आली, अबकारीचे उत्पन्न बुडाले, आणि ते भरून काढायला शहरातल्या घरा-इमारतींवर दहा टक्के कर बसला. घरमालक खवळले. एखादी गोष्ट नैतिकदृष्ट्या योग्य असली तरी तिचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे, हा प्रश्न आपल्याच माणसांच्या सरकारला पहिल्यांदा असा उघडपणे विचारला गेला.

मंत्र्यांच्या पगारकपातीबद्दल इथेच सांगायला हवे. तिचे मोल खूप आहे, पण ते विश्वासापुरते. तिजोरीच्या हिशेबात ती रक्कम कधीच मोठी नव्हती, आजही नाही. गाड्या, बंगले, जाहिराती, सत्कार समारंभ यांवर बोट ठेवणे सोपे असते आणि ते ठेवायलाही हवे. पण महाराष्ट्राच्या महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच जातो, आणि तिथे एका आदेशाने कात्री लावता येत नाही. मार्च 2023मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले तेव्हा हे पुन्हा दिसले. ज्याला करदाता उधळपट्टी म्हणतो, तिच्या पलीकडच्या टोकालाही करदाताच उभा असतो.

राज्य झाल्यानंतरचा एक कर लोकांनी फारशी कुरकुर न करता मानला: 1975चा व्यवसाय कर. 1972च्या दुष्काळाने खेड्यांचे कंबरडे मोडले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहत होती, आणि शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कुदळीसाठी महिन्याला थोडे पैसे द्यावेत असे ठरले. कर कशासाठी हे नावानिशी माहीत होते, आणि सरकार स्वतःचाही वाटा घालणार होते. माझ्या मते करवाढीचे समर्थन करायचे तर ते असे करायला हवे. पुढे देशभरची मनरेगा आली, मजुरीचा मोठा भार केंद्राकडे गेला. व्यवसाय कर मात्र आजही पगारपत्रकात आहे.

ऐंशीच्या दशकात शंकरराव चव्हाणांनी शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग केला. मागच्या वर्षीच्या तरतुदीवर दहा टक्के चढवून पुढची तरतूद करायची ही सवय मोडायची, प्रत्येक योजनेने दरवर्षी आपली गरज नव्याने सिद्ध करायची, अशी ती कल्पना होती. करदात्याच्या मनातले इतके नेमके राज्यात दुसऱ्या कोणी केले नसेल. ते टिकले नाही. बंद पडायला आलेल्या योजनेलाही एक खाते असते, खात्याला कर्मचारी असतात, आणि मतदारसंघ असतो.

नंतरची आंदोलने बहुतेक एकेका करापुरती झाली. 2013मध्ये एलबीटीविरुद्ध, म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, व्यापाऱ्यांनी पुण्या-मुंबईत दुकाने बंद ठेवली. 2015मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली, आणि महापालिकांना भरपाई राज्याने द्यायची ठरली. कोल्हापूरकरांनी प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहरातल्या टोलविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला आणि जिंकला. एका शहराने इतक्या चिकाटीने एखाद्या आकारणीचा हिशेब मागितल्याचे दुसरे उदाहरण नजरेसमोर येत नाही. टोल गेला, ठेकेदाराची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून झाली. 2015च्या शरदात दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये चढले, दारू-सिगारेटही महागली. पाच महिन्यांत सोळाशे कोटी उभे करायचे होते. पाऊस पडला, तरी इंधनावरचा अधिभार त्याबरोबर ओसरला नाही.

2017च्या जुलैमध्ये जीएसटी आला आणि खेळाचे नियमच बदलले. विक्रीकराचा दर वाढवायचा अधिकार राज्याच्या हातून गेला. राज्याकडे उरले ते मोजकेच: इंधनावरचा व्हॅट, दारूवरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क. त्यामुळे आता पैसा कमी पडला की त्याच चार-पाच ठिकाणी पुन्हा पुन्हा हात जातो. ऑक्टोबर 2024पासून प्रतिज्ञापत्राचा शंभराचा मुद्रांक पाचशेचा झाला, तो याच कारणाने.

त्याआधी जुलै 2024मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली होती. पात्र महिलेला महिना दीड हजार, आणि वर्षाचा अंदाजित खर्च 46,000 कोटी. ज्या घरात स्वतःच्या नावावर एक रुपया नव्हता तिथल्या बाईला हे पैसे मिळाले, याचे मोल मी कमी लेखणार नाही. पण विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या या खर्चासाठी कुठला खर्च थांबणार, कुठला कर वाढणार, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. 10 मार्च 2025 रोजी अजित पवार यांनी अर्थमंत्री म्हणून अर्थसंकल्प मांडला त्यात याची बेरीज दिसली: 45,891 कोटींची महसुली तूट, नऊ लाख कोटींपलीकडे जाणारे कर्ज, आणि लाडक्या बहिणीसाठी 36,000 कोटी. वाहन कर वाढला. 30 लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला होता, तो महिना संपायच्या आत मागे घेतला गेला. जूनमध्ये दारूवरचे शुल्क वाढवून 14,000 कोटी मिळवायचे ठरले आणि 14 जुलैला राज्यभरच्या बार-हॉटेलांनी व्यवसाय बंद ठेवला.

त्याच जूनमध्ये नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी सुमारे 20,000 कोटींची तरतूद मंत्रिमंडळाने मंजूर केली, आणि कोल्हापूर, सांगलीकडचे शेतकरी हा रस्ताच नको म्हणून उभे राहिले. हॉटेलवाल्यांना कर नको होता, शेतकऱ्यांना खर्च नको होता. दोघांची गाऱ्हाणी एकाच जमाखर्चाच्या दोन बाजूंची. पण ते कधी एका व्यासपीठावर आले नाहीत, आणि 1885चे ते दोन ठराव जसे एकापाठोपाठ एक लिहिले गेले तसे या दोन मागण्या कोणी जोडून लिहिल्या नाहीत.

गोखल्यांना नसलेला मताचा अधिकार आज आमदारांना आहे. खात्याच्या मागणीवर कपात सूचना देऊन एकेका खर्चाची झडती घेता येते. पण चर्चेचे दिवस थोडे, आणि वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या एकदमच मंजूर होतात. शिवाय पुरवणी मागण्या आहेतच. 2025-26चा सात लाख कोटींचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला गेला. 30 जून रोजी, आर्थिक वर्षाचे तीन महिने उलटतात न उलटतात तोच, सरकारने सभागृहापुढे आणखी 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या ठेवल्या.