चायनीज स्टार्टर, कोकणातील घरगुती

पिठात घोळवून तळलेले मासळीचे, कोंबडीचे किंवा भाजीचे तुकडे लसूण, हिरवी मिरची, सोया सॉस व व्हिनेगर यांच्या रसात परतून जेवणाआधी खाण्याचे पदार्थ. मंचुरियन, चिली व लॉलीपॉप हे परिचित प्रकार. कोकण किनारपट्टीवर कोबी व कोंबडीप्रमाणेच कोळंबी, माकुल (स्क्विड) आणि बोंबीलही यासाठी घेतात.

उगम : भारतातील चिनी पाककृतीची सुरुवात सामान्यतः कोलकात्याच्या चिनी वस्तीशी जोडली जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू हा व्यापारी हुगळीकाठी स्थिरावला. अचिपूर हे गावाचे नाव त्याच्यावरून पडल्याचे मानतात. पुढे तिरेट्टा बाजार व टांगरा येथील, मुख्यतः हक्का (दक्षिण चीनमधील एक समाज), कुटुंबांच्या खानावळींत चिनी पद्धत आणि भारतीय तिखट एकत्र आले. मंचुरियनचा प्रश्न वेगळा आहे. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात १९७५ च्या सुमारास कोंबडीचे तुकडे तळून ते कांदा, लसूण, मिरची व सोया सॉसच्या रसात घातले आणि हा पदार्थ सिद्ध झाला, असा त्यांचा दावा आहे व तो बहुतेक ठिकाणी स्वीकारला जातो. तळलेला तुकडा पिठाने दाट केलेल्या रसात घोळवण्याची रीत मात्र चीनमध्ये आधीपासून होती. त्यामुळे विशिष्ट मिश्रण व नाव मुंबईचे आणि तंत्र जुने, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ईशान्य चीनमधील मांचुरिया प्रदेशाच्या पाककृतीशी त्याचा संबंध दिसत नाही.

तळणी : घरी बिघाड होतो तो बहुधा पाण्यामुळे. पाव किलो सोललेल्या मध्यम कोळंबीचा पाठीचा काळा दोरा काढावा, ती धुऊन फडक्याने कोरडी टिपावी. त्यावर अर्धा चमचा मिरपूड, पाव चमचा मीठ, एका अंड्याचा पांढरा भाग, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर व एक मोठा चमचा तांदळाचे पीठ घालावे. तांदळाच्या पिठाने आवरण कुरकुरीत होते. नुसता मैदा घेतल्यास ते चिवट राहते. तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर असावे. पिठाचा थेंब टाकताच वर आला पाहिजे. कोळंबी एका वेळी थोडीच सोडावी, नाहीतर तेल थंड होऊन आवरण ते शोषते. दीड ते दोन मिनिटे पुरतात. जास्त तळल्यास प्रथिने आकसून ती रबरासारखी होते. करंदी, म्हणजे लहान कोळंबी, यासाठी फार बारीक पडते.

माकुलाच्या चकत्या दोन मिनिटांच्या आत काढाव्यात; नाहीतर अर्धा तास मंद शिजवूनच त्या पुन्हा मऊ होतात. बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. म्हणून तो चिरून, काटा काढून, फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दाबल्याशिवाय घेऊ नये. कोबीच्या गोळ्यांसाठी अर्धा किलो किसाला एक चमचा मीठ चोळून दहा मिनिटांनी घट्ट पिळावे. गोळे बांधले जातील इतकाच मैदा व कॉर्नफ्लॉवर घालावे. पीठ जास्त झाले की आत कच्चट लागतात. पावसाळ्यात आवरण दमट हवेने लवकर मऊ पडते, तेव्हा एकदा फिके तळून वाढण्यापूर्वी अधिक तापलेल्या तेलात अर्धा मिनिट पुन्हा तळणे बरे. खोबरेल तेल टाळावे. न शुद्ध केलेले तेल याच तापमानाच्या आसपास धुरू लागते आणि त्याचा वास सोया सॉसवर मात करतो.

रस : मोठ्या आचेवर दोन मोठे चमचे तेलात लसणीच्या आठ पाकळ्या, आले व तीन मिरच्या परतून कांदा व ढोबळी मिरचीचे चौकोनी तुकडे मिनिटभरच ठेवावेत. एक मोठा चमचा सोया सॉस व तितकाच लाल मिरचीचा सॉस घालावा. मीठ चव घेऊनच, कारण सॉस खारट असतो. एक चमचा कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून ओतावे. गरम पाण्यात पिठाच्या दाण्यांचा बाहेरचा थर लगेच फुगतो आणि गाठी होतात. व्हिनेगर शेवटी, कारण आंबटासोबत फार उकळल्यास रस पुन्हा पातळ होतो. माडीचे व्हिनेगरही चालते. कोकमाचे आगळ वापरल्यास ते खारवलेले असल्याने मीठ वगळावे. अजिनोमोटोची गरज नाही: इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळापासून वेगळे केलेले ग्लुटामेट सोया सॉसमध्ये मुळातच असते. तळलेले तुकडे गॅस बंद करण्याच्या अर्धा मिनिट आधी घालावेत.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत ताजी मासळी कमी मिळते, तेव्हा कोबी, कोंबडी किंवा अळंबी घेतात. गोठवलेली कोळंबी घेतल्यास ती पूर्ण वितळू देऊन दोनदा टिपावी लागते.