तेलविहिरीच्या नोंदी: खोलीचा हिशेब कसा घडत गेला

५ सप्टेंबर १९२७. फ्रान्समधील पेचलब्रॉनच्या तेलक्षेत्रात हेन्री डॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका विहिरीत इलेक्ट्रोड सोडले, दर मीटरला थांबून खडकाची विद्युत रोधकता मोजली आणि आकडे हाताने आलेखावर मांडले. पद्धत कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या भावांची. तोवर जमिनीखालचा खडक कळायचा तो खोदणाऱ्याच्या वहीतून, वर आलेल्या चुऱ्यातून किंवा महागड्या कोअरमधून, म्हणजे कापून काढलेल्या खडकाच्या दंडगोलातून.

रोधकतेने एक अडचण सोडवली आणि दुसरी उभी केली. खाऱ्या पाण्याने भरलेल्या वालुकाश्मात वीज सहज वाहते, तेल असेल तर रोधकता चढते. पण घट्ट चुनखडकातही ती चढतेच. १९३१ मध्ये विहिरीत आपोआप निर्माण होणारा विद्युत विभव नोंदला जाऊ लागला आणि पार्य, म्हणजे द्रव आरपार जाऊ देणारे थर पंकाश्मापासून, म्हणजे चिखलाच्या घट्ट खडकापासून वेगळे काढता आले. १९४२ मध्ये आर्ची या अभियंत्याने सच्छिद्रता, पाण्याची रोधकता आणि पाण्याचं प्रमाण यांना सूत्रात बांधलं. तेव्हापासून लॉगवरून, म्हणजे खोलीनुसार मांडलेल्या या नोंदींवरून, तेलाचं प्रमाण काढता येऊ लागलं.

चुऱ्याचं महत्त्व मात्र संपलं नाही. तो प्रत्यक्ष खडक असतो, फक्त उशिरा वर येतो. हा उशीर, म्हणजे लॅग, नीट काढणं हे मड लॉगिंगचं, म्हणजे खोदताना फिरवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर (मड) वर आलेला चुरा तपासण्याचं, खरं कसब. समजा ३००० मीटर खोल, साडेआठ इंची विहिरीत ५ इंची पाइप आहे. दोहोंमधल्या पोकळीत सुमारे ७२ घनमीटर मड मावतं. पंप मिनिटाला २००० लिटर देत असेल तर तळाचा चुरा चाळणीवर यायला ३६ मिनिटं लागतात. ताशी २० मीटर वेगाने बिट, म्हणजे खोदणारं टोक, तेवढ्यात १२ मीटर पुढे गेलेलं असतं. हातातला नमुना त्या घटकेच्या खोलीच्या नावे पिशवीत भरला, तर थराची सीमा थेट १२ मीटर चुकते.

भिंत ढासळून विहीर सरासरी साडेनऊ इंच झाली, तर तोच लॅग ५० मिनिटांवर जातो. म्हणून नुसत्या गणितावर विसंबू नये. पाइप जोडताना कॅल्शियम कार्बाइडची पुडी आत टाकतात. तिच्यापासून झालेला ॲसिटिलीन गॅस डिटेक्टरवर कधी दिसतो ते पाहायचं आणि त्यातून पुडी पाइपमधून तळाशी जायला लागलेला वेळ वजा करायचा. ढासळलेले तुकडे नमुन्यात मिसळतातच, पण ते बहुधा मोठे, टोकदार असतात. चाळताना बाजूला काढावेत.

खोलीचा घोळ लॉगचं उपकरण सोडायच्या केबलनेही होतो. स्वतःच्या आणि उपकरणाच्या वजनाने ती ताणली जाते, त्यामुळे लॉगरची, म्हणजे केबलवरून मोजलेली खोली आणि पाइप मोजून काढलेली ड्रिलरची खोली जुळत नाहीत. शून्य कुठे धरलं, रोटरी टेबलावर (पाइप फिरवणाऱ्या यंत्रावर) की जमिनीवर, हे हेडरमध्ये, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या माहितीत, नसेल तर शेजारच्या विहिरीशी तुलना करता येत नाही.

कागदी पट्ट्यांनंतर चुंबकीय फिती आल्या. प्रत्येक कंपनीच्या फायलींची घडण वेगळी, म्हणून कॅनेडियन वेल लॉगिंग सोसायटीने १९८९ च्या सुमारास साधा मजकूर असलेलं एलएएस स्वरूप आणलं. सुरुवातीची आणि शेवटची खोली, पायरी (दोन मोजमापांमधलं अंतर) आणि एकक हेडरमध्येच असतात. पायरी अनेकदा ०.१५२४ मीटर, म्हणजे अर्धा फूट. जिथे मोजमाप नाही तिथे बहुधा उणे ९९९.२५ लिहिलेलं असतं. सरासरी काढण्यापूर्वी ते गाळलं नाही, तर चांगल्या थराची सच्छिद्रताही शून्याखाली जाते.