नाताळातील व्हिएन्ना : सहलीची आखणी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डिसेंबरमध्ये युरोपातील एखाद्या राजधानीत चार-पाच रात्री मुक्काम करून नाताळचे बाजार, रोषणाई आणि संगीत यांचा निवांतपणे आनंद घ्यावा, अशी इच्छा घेऊन आमच्याकडे येणाऱ्या प्रवाशांना आम्ही बहुतेक वेळा ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना सुचवतो. या शहरातील डिसेंबरच्या बाजाराची परंपरा इ. स. १२९६ मध्ये मिळालेल्या परवानगीपर्यंत मागे नेली जाते, जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे आणि मेट्रो व ट्रामची व्यवस्था इतकी चांगली आहे की ज्येष्ठ नागरिकांनाही स्वतंत्र गाडीची गरज पडत नाही. मात्र इथल्या नाताळचे वेळापत्रक आपल्या कल्पनेपेक्षा बरेच वेगळे असते आणि ते समजून न घेता तारखा ठरवल्यास, खर्च करूनही सणाचा मुख्य भाग हुकण्याची शक्यता असते. त्यामुळे तारखांविषयीची माहिती या पत्रकात सर्वप्रथम दिली आहे.

२४ डिसेंबरची दुपार

ऑस्ट्रियात नाताळचा मुख्य क्षण २५ तारखेला नव्हे, तर २४ तारखेच्या संध्याकाळी असतो. त्या संध्याकाळी घरातील वृक्षावर दिवे लावले जातात, भेटवस्तू बाळ येशूने आणल्या असे मुलांना सांगितले जाते आणि कुटुंबे आपापल्या घरी एकत्र जेवतात. त्यामुळे दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात, बाजारांतील गाळे संध्याकाळी लवकर आवरले जातात, राष्ट्रीय ऑपेरागृहात त्या दिवशी प्रयोग नसतो आणि बरीच उपाहारगृहेही बंद राहतात. २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टीचे असल्याने दुकाने त्या दिवशीही उघडत नाहीत. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात दादरची बाजारपेठ ओसंडून वाहत असते आणि प्रत्यक्ष चतुर्थीच्या सकाळी सगळे आपापल्या घरी पूजेत असतात, तसाच हा प्रकार आहे. बाहेरून आलेल्या पाहुण्याला जे पाहायला मिळते ते मुख्यतः सणापूर्वीच्या आठवड्यांत.

बाजारही एकाच दिवशी संपत नाहीत. नगरभवनासमोरील रात्हाउसप्लात्झचा सर्वांत प्रसिद्ध बाजार नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत चालतो. फ्रायुंग, आम होफ, कार्ल्सप्लात्झ आणि श्पिटेलबेर्ग येथील बाजार, जे हस्तकलेसाठी आम्हाला अधिक आवडतात, साधारणपणे २३ डिसेंबरलाच उठतात. शोनब्रुन राजवाड्यासमोरचा बाजार मात्र अलीकडच्या वर्षांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुरू असतो. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या बदलत असल्याने आरक्षणाच्या वेळी त्या वर्षीचे वेळापत्रक आम्ही आपल्याला देतो.

यावरून आमचा सल्ला असा आहे की ज्यांना रजेची मोकळीक आहे त्यांनी डिसेंबरच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात जावे आणि मुक्काम शक्यतो सोमवार ते शुक्रवार ठेवावा, कारण शनिवार-रविवारी शेजारच्या देशांतूनही लोक येतात आणि हॉटेलांचे दर व गर्दी दोन्ही वाढतात. ज्या कुटुंबांना शाळेच्या नाताळ सुट्टीतच जाणे भाग आहे, त्यांनी २६ किंवा २७ तारखेला पोहोचून नववर्षापर्यंत राहावे. त्या दिवसांत बहुतेक बाजार उठलेले असले तरी शोनब्रुनचा बाजार असतो, दुकाने पुन्हा उघडलेली असतात आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री श्टेफान्सडोम या मुख्य चर्चची ‘पुम्मेरिन’ नावाची सुमारे २० टन वजनाची घंटा वाजते, त्यानंतर लोक रस्त्यावरच वॉल्ट्झ हे जोडीने करायचे नृत्य करू लागतात. १ जानेवारीच्या सकाळी म्युझिकफेराइन सभागृहात होणाऱ्या सुप्रसिद्ध नववर्ष मैफलीची तिकिटे सोडतीने दिली जातात आणि त्यासाठीची नोंदणी जवळपास वर्षभर आधी होते, म्हणून डिसेंबरमध्ये ती मिळतील अशी आशा ठेवू नये.

२४ ते २६ हे दिवसच ज्यांना तिथे घालवायचे आहेत त्यांना आम्ही परावृत्त करत नाही. त्या संध्याकाळची शांतता आणि श्टेफान्सडोममधील मध्यरात्रीची प्रार्थना यांचे मोल वेगळेच आहे. मात्र २४ आणि २५ तारखेची जेवणे आधीच आरक्षित केलेली असावीत, तसेच फळे, दूध, ब्रेड २३ तारखेलाच घेऊन ठेवावे. अगदीच अडचण आली तर मोठ्या रेल्वे स्थानकांतील काही दुकाने सुट्टीच्या दिवशीही उघडी असतात.

व्हिसा आणि विमान

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांसाठी चालणारा सामाईक व्हिसा, आवश्यक आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी तरी केलेला असावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण काही प्रकरणांत ४५ दिवसांपर्यंतही वेळ जाऊ शकतो. डिसेंबरच्या प्रवासासाठी आम्ही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अर्ज करण्याचा आग्रह धरतो, कारण पुढे दिवाळीच्या सुट्ट्या आणि नाताळच्या प्रवाशांची गर्दी एकत्र आल्यावर अर्ज देण्यासाठी भेटीची वेळ मिळणे कठीण होते. पारपत्र मागील दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेले हवे. किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा बंधनकारक आहे. व्हिसा शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो असून सहा वर्षांखालील मुलांना ते नाही. सेवा केंद्राचे शुल्क वेगळे असते. व्हिसा देणे न देणे हा सर्वस्वी दूतावासाचा निर्णय आहे आणि कोणतीही प्रवास संस्था त्याची हमी देऊ शकत नाही, म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारी तिकिटे आम्ही काढून देत नाही.

मुंबईहून जाणारे बहुतेक प्रवासी आखाती देशांतील किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलून व्हिएन्नाला पोहोचतात. हिवाळ्यात धुके आणि विमानाच्या पंखांवरील बर्फ काढण्याचे काम यांमुळे उशीर होणे नेहमीचे असल्याने, दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर असलेली आणि एकाच आरक्षणातील तिकिटे आम्ही निवडतो, जरी ती थोडी महाग पडली तरी.

लहान दिवस आणि थंडी

डिसेंबरच्या उत्तरार्धात व्हिएन्नात सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजून काही मिनिटांनी मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम सव्वाआठ तास असतो. उन्हाळ्याच्या सहलीप्रमाणे दिवसभरात सहा ठिकाणे पाहण्याचा कार्यक्रम इथे चालत नाही. सकाळचा उजेड शोनब्रुन किंवा बेल्व्हेदेर या राजवाड्यांच्या उद्यानांसाठी ठेवावा, दुपारी संग्रहालय पाहावे, आणि चारनंतर, जेव्हा दिवे खऱ्या अर्थाने खुलतात, तेव्हा बाजारात जावे. कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडे असते. पीटर ब्र्योगेल या चित्रकाराच्या चित्रांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तिथे असून १५६५ मधील त्याचे ‘बर्फातील शिकारी’ हे चित्र पाहण्यासाठी हिवाळ्याइतका योग्य काळ दुसरा नाही. गुस्ताव क्लिम्टचे ‘चुंबन’ वरच्या बेल्व्हेदेर राजवाड्यात आहे आणि तिथल्या प्रवेशाची वेळ आधी राखून ठेवलेली बरी.

तापमान बहुधा शून्य ते चार-पाच अंशांच्या आसपास राहते आणि रात्री शून्याखाली जाते, पण वाऱ्यामुळे थंडी त्याहून अधिक बोचते. इमारती, ट्राम आणि मेट्रो मात्र उबदार असतात, त्यामुळे एकच जाडजूड स्वेटर घालण्यापेक्षा आत थर्मल, त्यावर लोकरीचा थर आणि बाहेरून वारा अडवणारे जाकीट, असे सहज काढता-घालता येणारे कपडे घ्यावेत. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पाणी न शिरणारे, रबरी पकड असलेले बूट. जुन्या भागातील दगडी फरसबंदी ओली किंवा गोठलेली असताना खेळाच्या साध्या बुटांनी घसरण्याची भीती असते, आणि साठीच्या पुढील प्रवाशांच्या बाबतीत आम्ही याविषयी फार आग्रही आहोत. बूट निघण्यापूर्वी दोन आठवडे घालून पायांना सरावाचे करून घ्यावेत.

बर्फाविषयी स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. छायाचित्रांत दिसतो तसा बर्फाच्छादित नाताळ व्हिएन्ना शहरात क्वचितच असतो. ज्यांना बर्फ पाहण्याची मनापासून ओढ आहे त्यांच्यासाठी आम्ही सेमेरिंगच्या डोंगराकडे एका दिवसाची रेल्वे सहल ठेवतो. हा प्रवास सुमारे सव्वा ते दीड तासाचा आहे, आणि १८४८ ते १८५४ या काळात बांधलेला, आज युनेस्कोच्या वारसा यादीत असलेला तो घाटातील रेल्वेमार्गच पाहण्यासारखा आहे. बर्फाची खात्री तिथेही हवामानच देऊ शकते.

खाणेपिणे

शाकाहारी प्रवाशांची उपासमार होत नाही, पण विचारल्याशिवाय काही घेऊ नये. भाज्यांचे दिसणारे सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते, बटाट्याच्या किंवा पावाच्या गोळ्यांत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात आणि ‘केझेक्राइनर’ या नावात चीज असले तरी ते चीज भरलेले सॉसेज आहे. केझेश्पेट्सले हा चीजमधील शेवयांसारखा पदार्थ, बटाट्याचे तळलेले घावन आणि कागदी पुडीत मिळणारे भाजलेले चेस्टनट हे बाजारातील भरवशाचे पदार्थ आहेत, मात्र श्पेट्सलेमध्ये अंडे असते आणि वर घालायचा कांदा किंवा तळण कशातले आहे हे विचारून घ्यावे. केक आणि कायझरश्मार्न हा गोड पदार्थ यांतही अंडे असते. उपाहारगृहांच्या मेनूवर पदार्थापुढे इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. त्यांपैकी ‘सी’ म्हणजे अंडे आणि ‘जी’ म्हणजे दूध, हे लक्षात ठेवल्यास अंडे न खाणाऱ्यांचे काम सोपे होते. मार्गशीर्षातील गुरुवार करणाऱ्यांनी आधी कळवल्यास न्याहारीत फळे व दूध मिळेल असे हॉटेल आम्ही पाहून देतो.

बाजारात वाफाळणारे ‘ग्ल्यूवाइन’ हे मसाले घातलेले मद्य आहे आणि ‘पुन्श’मध्येही बहुधा मद्य असते. मुलांसाठी व मद्य न घेणाऱ्यांसाठी ‘किंडरपुन्श’ मागावे. पेयाच्या किमतीबरोबर मगाची अनामत रक्कम घेतली जाते आणि तो परत केल्यावर ती परत मिळते. ठेवून घ्यायचा असल्यास तो आठवण म्हणून नेता येतो. नळाचे पाणी निःशंकपणे प्यावे, कारण ते आल्प्सच्या झऱ्यांतून शहरात आणले जाते आणि त्यासाठीची पहिली जलवाहिनी १८७३ पासून सुरू आहे.

घरून खाऊ नेताना काळजी घ्यावी. युरोपीय संघात बाहेरील देशांतून मांस, दूध आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास प्रवाशांना मनाई आहे, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी, पनीर सामानात ठेवू नये. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ताही घरीच ठेवावा. चकली, कोरडा चिवडा, खाकरे चालतात.

पैसे, प्रवास आणि प्रकृती

बाजारातील अनेक गाळ्यांवर रोख पैसे लागतात, म्हणून लहान नोटा जवळ ठेवाव्यात. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो असे विचारल्यास युरोच निवडावेत, अन्यथा विनिमयाचा दर महाग पडतो. मेट्रो, ट्राम आणि बस यांना एकच तिकीट चालते, पण कागदी तिकीट पहिल्या प्रवासापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तिकीट विकत घेतलेले असूनही त्यावर हा शिक्का नसेल तर शंभर युरोंहून अधिक दंड होऊ शकतो. विमानतळ शहराच्या तिकीट क्षेत्राबाहेर आहे, त्यासाठी वेगळे तिकीट लागते.

नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील बॅगेत ठेवावीत, कारण तिथे अनेक औषधे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि सुट्टीच्या दिवशी पाळीनुसार मोजकीच औषधालये उघडी असतात. रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि सर्व आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

पहिल्या भेटीला येताना सर्व प्रवाशांची जुनी व नवी पारपत्रे, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांच्या तारखा, आहाराच्या मर्यादा आणि कोणाला गुडघ्यांचा किंवा श्वसनाचा त्रास असल्यास त्याची माहिती घेऊन यावे. त्यावरून बाजारांच्या तारखा आणि दुकानांच्या सुट्ट्या मांडलेले दिवसवार वेळापत्रक आम्ही आपल्याला लेखी देऊ, आणि ते पसंत पडल्यावरच आगाऊ रक्कम स्वीकारू.