प्रेसच्या गार्डमागचा कायदा: गिरणीच्या पट्ट्यापासून अंबडच्या शेडपर्यंत

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या शेडमध्ये, ‘गार्ड लावा’ (यंत्रात हात जाऊ नये म्हणून आडोसा लावा) म्हणतात, त्याचं मूळ मुंबईच्या कापडगिरण्यांत आहे. तिथे वाफेचं एकच इंजिन असे, छताला लांब शाफ्ट, आणि त्यावरून एकेका यंत्राला उतरणारे पट्टे. कपडा गुंतला की माणूस ओढला जायचा. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं आणि सात वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी केली. त्यामागे नुसता कळवळा नव्हता. मुंबईचं स्वस्त सूत इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना खुपत होतं.

तो कायदा १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांनाच होता. ही मर्यादा १८९१ ला ५०, १९२२ ला २० आणि १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्यांसाठी १० वर आली. १९४८ चा कायदा १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवण्याची व्यवस्था सांगितली होती. आज नाशिकच्या अंबडमध्ये असा पट्टा शोधून सापडायचा नाही. कलम २१ मधली गोष्ट मात्र जुनी झालेली नाही: गार्ड भक्कम हवा, आणि यंत्र चालू असेपर्यंत जागेवर हवा.

पुढच्या दुरुस्त्या मोठ्या कारखान्यांकडे बघून झाल्या. १९७६ ला हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे सेफ्टी ऑफिसर आला. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, घातक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं.

नाशिकची गोष्ट वेगळी. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, सातपूर आणि मग अंबड वसाहत उभी राहिली, आणि वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रेस शॉप वाढले. धोका पट्ट्यावरून डायवर, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यावर आला.

जुन्या की-क्लच प्रेसमध्ये फिरतं चाक शाफ्टला एका खिळीने जोडलं जातं; तिला ‘की’ म्हणतात. पॅडल दाबून ती एकदा गुंतली की रॅम (वरून दाब देणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मध्येच थांबत नाही, म्हणून त्यावर लाइट कर्टन (हात आडवा आला की यंत्र थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावणं म्हणजे देखावा. ही ‘की’ झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर पॅडल न दाबता दुसरा स्ट्रोक पडतो, आणि ऑपरेटरचा हात तेव्हा पीस काढायला आत असतो. तिथे डायभोवती बंद गार्डच हवा; पीस आत सरकेल एवढीच फट, बोट जाणार नाही अशी. डाय बदलताना तो निघतो, आणि सेटर (डाय बसवणारा) शिफ्ट संपवून जातो तेव्हा बऱ्याचदा भिंतीला टेकून राहतो.

१९४८ च्या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात वीज वापरणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा पुन्हा २० वर गेली. दहा ते एकोणीस कामगारांचं युनिट ‘आस्थापना’ म्हणून कायद्यात राहतं, कारखाना म्हणून नाही. सेफ्टी ऑफिसर आता ५०० पासून, घातक प्रक्रियेत २५० पासून.

न्यूमॅटिक क्लचचा, म्हणजे हवेच्या दाबावरचा प्रेस मध्येच थांबवता येतो. त्याला दोन हातांची बटणं (दोन्ही हातांनी एकदम दाबायची) चालतात, पण हात पोचण्याआधी रॅम थांबावा म्हणून ती डायपासून किती लांब हवीत, याचा हिशेब असतो: थांबायला लागणारे सेकंद गुणिले १६००, अधिक २५०, उत्तर मिलिमीटरमध्ये. ०.२ सेकंदाला ५७० मिमी. ब्रेकचं लायनिंग झिजून वेळ ०.३ झाला की ७३० लागतात. बटणं मात्र ५७० वरच बोल्ट केलेली असतात.