उत्पन्नाचा दाखला: कागदपत्रांची साइज 75 ते 500 केबीत कशी बसवायची

महाराष्ट्रात राहणाऱ्या कुणालाही 'आपले सरकार' पोर्टलवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घरबसल्या अर्ज करता येतो. ओळखीचा एक पुरावा, पत्त्याचा एक, उत्पन्नाचा एक (फॉर्म 16, आयकर विवरणपत्र किंवा तलाठ्याचा अहवाल) आणि सही केलेलं स्वयंघोषणापत्र लागतं. कागद बहुतेकांकडे असतात, तरी अर्ज अपलोडपाशी अडतो.

प्रत्येक कागद 75 ते 500 केबीच्या आत हवा. वरचा आकडा सगळे बघतात, खालचा कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलवरचा 3-4 एमबीचा फोटो एखाद्या ॲपमधून 40 केबीचा करून आणला, की पोर्टल तोही नाकारतं आणि माणूस चक्रावून जातो. अर्जदाराच्या फोटोचं माप तर निराळंच: 5 ते 20 केबी, रुंदी 160 पिक्सेल, उंची 200 ते 212. साइज कमी करण्याचं काम पोर्टलनेच करायला हवं होतं, पण ते होईपर्यंत आपल्यालाच करावं लागणार.

फाइल दाबण्याआधी, म्हणजे तिची साइज कमी करण्याआधी, फोटोची चौकट कापा. सतरंजीवर ठेवून काढलेल्या रेशन कार्डाच्या फोटोत निम्मे केबी सतरंजीची नक्षीच खाते. गुगल ड्राइव्हच्या स्कॅनने कडा आपोआप कापल्या जातात. रंग 'ग्रेस्केल' (करड्या छटांचा) ठेवा. निव्वळ काळं-पांढरं केलं तर फिकट निळा शिक्का उडतो आणि 'कागदपत्र अस्पष्ट' म्हणून अर्ज परत येतो. स्कॅनर असेल तर 150 डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरे. 300 वर पिक्सेल चौपट होतात. साइज जमली नाही तर प्रत्येक वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करा, दाबलेली फाइल पुन्हा दाबली की अक्षरं फुटतात.

रेशन कार्डाचं पहिलंच पान टाकू नका. कुटुंबातल्या सगळ्यांची नावं असलेलं पानही त्याच पीडीएफमध्ये जोडा, प्रत्येक पान 200 केबीच्या आसपास ठेवलं की दोन्ही आरामात बसतात. गावाहून कुणी व्हॉट्सॲपवर कागद पाठवणार असेल, तर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

डिजिटल सहीचा सातबारा मात्र कुठल्याही कॉम्प्रेसरमध्ये घालू नका, सही निकामी होते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, तपासणाऱ्याला ती उघडत नाही. आधी स्वतः उघडून प्रिंटमधून 'सेव्ह ॲज पीडीएफ' करा. आणि कृपा करून आधार, पॅन कुठल्याही फुकट वेबसाइटवर चढवू नका. जे काम फोनवरच होतं, त्यासाठी आपले कागद अनोळखी हातात कशाला द्यायचे?

अपलोडनंतर प्रत्येक फाइल उघडून नाव आणि तारीख वाचता येते का बघा, मगच पैसे भरा. दाखला देण्यासाठी सरकारला 15 दिवसांची मुदत आहे. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज केलात, तर एका त्रुटीने प्रवेशाची तारीख सहज निसटते. 15 दिवस उलटूनही उत्तर नसेल, तर लोकसेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्यासाठी अर्जाचा क्रमांक लागतो, पावती जपून ठेवा.